जुन्या प्यूटरचा पेला कपाटातच बरा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी नेहमीप्रमाणे रक्तदाब तपासून घ्यायला आले. उठता उठता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हल्ली पोट साफ होत नाही. मधूनच कळही येते." खाण्यापिण्याची चौकशी करता करता कळले, की कनेक्टिकट राज्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या थोरल्या मुलाने दिवाळीत येताना एक पेला आणला होता. कान असलेला, राखाडी रंगाचा, आकाराच्या मानाने जड. दोनशे वर्षांपूर्वीचा. मुलाला अशी जुनी भांडी जमवण्याचा नाद आहे. होळीपासून गुरुजी त्याच पेल्यात रोज दुपारी कोकमचे सरबत घेत होते. सरबत सकाळीच करून त्यात झाकून ठेवायचे, कारण "धातूत गार राहते हो!"

मी पेला बघायला मागितला. दुसऱ्या दिवशी ते रुमालात गुंडाळून घेऊन आले. बाहेरून तो अंगभर जुना, काळसर दिसत होता. आतून मात्र, जिथपर्यंत सरबत भरत असत तिथपर्यंत, स्वच्छ आणि फिकट. मी त्याची कड पांढऱ्या कागदावर दाबून ओढली. शिसपेन्सिलीने ओढावी तशी करडी रेघ उमटली. "गुरुजी, आजपासून यात सरबत बंद," असे मी सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मुलाने प्रेमाने आणलेली वस्तू. शिवाय त्यांचा प्रश्न बिनतोड होता : "अहो, दोनशे वर्षे लोक यातून पीतच होते ना?"

पीत होते, हे खरे. पिऊन त्यांचे काय झाले, हेही आता बरेचसे माहीत झाले आहे. अमेरिका-इंग्लंडमध्ये आपली पुष्कळ मुले आहेत. तिकडच्या जुन्या बाजारातून अशी भांडी घरी येतात, इकडे भेट म्हणून पाठवली जातात. म्हणून आज या धातूविषयी थोडे सविस्तर सांगतो.

प्यूटर म्हणजे काय?

प्यूटर ही मुख्यतः कथलाची मिश्रधातू. आपण भांड्यांना कल्हई करतो तेच कथील. नुसते कथील फार मऊ असते. भांडे बोटांनी दाबले तरी वाकेल. म्हणून त्यात थोडे तांबे, अँटिमनी किंवा बिस्मथ घालून त्याला ताठपणा आणतात. हे झाले चांगले प्यूटर. परंतु कथील महाग आणि शिसे स्वस्त. शिसे घातले की रस साच्यात सहज उतरतो आणि पैसेही वाचतात. सारी अडचण इथूनच सुरू होते.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात कथलाच्या खाणी होत्या, त्यामुळे हा धंदा तिथे भरभराटला. लंडनच्या प्यूटर कारागिरांनी १३४८ सालीच आपल्या धंद्याचे नियम ठरवून घेतले होते. १४७४ मध्ये राजा चौथा एडवर्ड याने त्यांच्या संघाला सनद दिली. तो संघ आजही लंडनमध्ये आहे. कोणत्या भांड्यात कोणता धातू वापरायचा, याच्या त्यांनी प्रती ठरवल्या होत्या. सर्वांत वरच्या प्रतीत कथील आणि तांबे. त्याच्या ताटल्या, थाळे, पराती. मधल्या प्रतीत थोडे शिसे. त्याचे मग आणि टँकार्ड, म्हणजे झाकणाचे मोठे मग. सर्वांत खालच्या प्रतीत शिशाचे प्रमाण १५-२० टक्के, आणि काही वेळा त्याहूनही बरेच जास्त. दारू मोजून द्यायची मापे या प्रतीची असत.

यातली विसंगती वाचकांच्या लक्षात आली असेल. पाव-मांस वाढायचे ते ताट बहुधा उत्तम धातूचे, आणि आंबट वाइन किंवा सफरचंदाची साइडर जीत तासन्‌तास राहायची ती मापे-मग हलक्या धातूचे. नेमके हेच मग आज लोकांना हातात धरून प्यावेसे वाटतात. ताट कुणी जेवायला काढत नाही, ते भिंतीवर लागते.

संघाची परीक्षा घेण्याची पद्धत साधी पण पक्की होती. शिसे कथलापेक्षा जड. पाण्याच्या तुलनेत कथील सव्वासात पट जड, तर शिसे सव्वाअकरा पट. एका ठरावीक साच्यात शुद्ध कथलाची गोळी ओतायची, त्याच साच्यात कारागिराच्या धातूची गोळी ओतायची आणि तराजूत समोरासमोर टाकायची. जास्त भरली की शिसे पकडले गेले. पुढे १५०३ च्या कायद्याने कारागिराने आपला ठसा मारणे आले. हे ठसे संघाच्या पत्र्यांवर नोंदवलेले असत. १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगीत जुने पत्रे नष्ट झाले. त्यानंतरचे पाच मोठे पत्रे शिल्लक आहेत, आणि आजचा संग्राहक भिंग घेऊन तळाचा ठसा त्यांच्याशीच ताडून पाहतो. हॉवर्ड कॉटरेल यांचा इंग्लिश ठशांवरचा जाडजूड ग्रंथ १९२९ चा, आणि लेडली लाफलिन यांचा अमेरिकन कारागिरांवरचा १९४० चा. इंग्लंडमध्ये प्यूटर जमवणाऱ्यांची संस्था १९१८ मध्ये आणि अमेरिकेत १९३४ मध्ये स्थापन झाली. म्हणजे हा नाद चांगलाच जुना आणि अभ्यासाचा आहे, हे मान्य करायला हवे.

अमेरिकेची गोष्ट थोडी वेगळी. तिथल्या वसाहतींना इंग्लंडहून कच्चे कथील आणणे जकातीमुळे परवडत नसे. तयार भांडी मात्र सरळ येत. साम्राज्याचा हिशेब असाच असतो, तो आपल्यालाही ठाऊक आहे. मग तिथला कारागीर काय करणार? चेपलेली, झिजलेली, भोके पडलेली जुनी भांडी मोडीत घ्यायची आणि वितळवून नवी ओतायची. पितळी किंवा कांस्याचे साचे फार महाग, ते बापाकडून मुलाकडे, एका कारागिराकडून दुसऱ्याकडे जात. त्यामुळे एकाच साच्यातून, एकाच ठशाखाली निघालेल्या दोन मगांतला धातू सारखा असेलच असे नाही. कुणाच्या घरची कोणती मोड त्या दिवशी मुशीत पडली, यावर ते अवलंबून. इतके करून गिऱ्हाईक विलायती माल मागे, म्हणून काही अमेरिकन कारागीर आपल्या भांड्यांवर "लंडन" असाच शिक्का मारून मोकळे होत! स्वातंत्र्यानंतर मात्र त्यांच्या ठशांत गरुड आला.

अशी मोड वितळत राहिल्यामुळे अमेरिकेत फार जुने प्यूटर उरलेच नाही. कारागिराचा ठसा असलेला तिथला सर्वांत जुना नमुना म्हणजे व्हर्जिनियातल्या जोसेफ कोपलँडचा १६७५ सालचा एक चमचा. तोही अखंड नाही, आणि जेम्सटाउनच्या उत्खननात मिळाला. कनेक्टिकटचे डॅनफोर्थ आणि बोर्डमन घराणे, फिलाडेल्फियाचा विल्यम विल, न्यूयॉर्कचा फ्रेडरिक बॅसेट, लँकेस्टरचा योहान क्रिस्टॉफ हाइने ही नावे संग्राहक आपल्याकडच्या गवयांच्या घराण्यांसारखी घेतात.

हाडांनी दिलेली साक्ष

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. व्हर्जिनियात क्लिफ्ट्‌स नावाचा एक मळा होता. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या सुरुवातीपर्यंत तिथे वस्ती होती. मळ्याच्या दफनभूमीत एकीकडे मालकाच्या घरची माणसे आणि दुसरीकडे राबणारे मजूर व गुलाम पुरलेले. ऑर्थर ऑफडरहाइड या रोगविकृतिशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह त्यांच्या हाडांतले शिसे मोजले आणि १९८१ मध्ये निष्कर्ष छापले. मालकांच्या हाडांत शिसे मजुरांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. दोघांची हवा एक, माती एक, पाणी एक. फरक ताटात होता. मालक प्यूटरच्या आणि शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांतून खातपीत होते; ज्यांच्या नशिबी ही भांडी नव्हती ते लाकडाच्या कठवतीत खात होते. गरिबीने माणूस वाचला, असे प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात फार थोडे आहेत. त्यांपैकी हा एक.

लोकांना त्या काळी काही कळत नव्हते, असेही नाही. रमच्या भट्टीच्या टोपणांत आणि नळ्यांत शिसे वापरू नये, असा कायदा मॅसॅच्युसेट्‌सने १७२३ मध्येच केला होता, कारण ती रम पिऊन लोकांच्या पोटात भयंकर कळा येत आणि हातपाय लुळे पडत. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात साइडर पिणाऱ्यांना अशीच पोटदुखी गाठत असे. डॉ. जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये दाखवून दिले, की साइडरच्या घाण्यांत शिसे वापरलेले आहे, आणि ज्या परगण्यात ते वापरत नाहीत तिथे हा आजार नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८६ मध्ये आपल्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात, लहानपणी बोस्टनमध्ये ऐकलेल्या रमच्या तक्रारीपासून अशा सगळ्या हकिकती एकत्र मांडल्या आहेत. एवढी उपयोगी गोष्ट साठ वर्षे माहीत असूनही लोक तिच्याकडे लक्ष देत नाहीत, याचा त्यांना अचंबा वाटत होता.

इथे एक प्रचलित गोष्ट दुरुस्त करतो. युरोपातले लोक टोमॅटोला विषारी समजत, कारण त्याचा आंबट रस प्यूटरच्या ताटातले शिसे ओढून घेई आणि माणसे मरत, असे बऱ्याच ठिकाणी छापून येते. मला ते पटत नाही. ताटे बहुधा चांगल्या प्रतीच्या धातूची असत, आणि एका जेवणाने माणूस मरावा इतके शिसे त्यातून सुटणे कठीण. शिसे असे एका घासात मारत नाही. ते साठत जाते.

कसे साठते? पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण दहावा हिस्सा शोषला जातो. लहान मुलाच्या शरीरात मात्र जवळजवळ निम्मा. शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत नेऊन ठेवते. रक्तातले शिसे महिनाभरात निम्म्यावर येते. हाडांतले वीस-तीस वर्षे मुक्काम ठोकते. पुढे बाईला दिवस गेले, किंवा म्हातारपणी हाडे झिजू लागली, की ते पुन्हा रक्तात उतरते. गर्भापर्यंत पोचते. शिशामुळे रक्तातले हिमोग्लोबिन नीट बनत नाही, बद्धकोष्ठ होते, पोटात कळा येतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. फार जास्त झाले तर मनगट लुळे पडते आणि हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसते. ही रेघ लंडनच्या डॉ. हेन्री बर्टन यांनी १८४० मध्ये वर्णन केली. विद्यार्थिदशेत आम्ही ती पाठ करीत असू. परंतु आजच्या दृष्टीने सर्वांत मोठी काळजी आहे ती मुलांच्या मेंदूची. अगदी थोड्या शिशानेही मुलाची आकलनशक्ती आणि एकाग्रता कमी होते, आणि गेलेली परत मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे स्पष्ट आहे : शिशाची सुरक्षित अशी पातळी कोणतीच नाही.

म्हणूनच जुन्या प्यूटरमधल्या काही वस्तू मला पाहवत नाहीत. तान्ह्या बाळांना दूध पाजायच्या प्यूटरच्या बाटल्या असत. एरंडेल पाजायचा गिब्सनचा चमचा एकोणिसाव्या शतकातला. त्याची दांडी पोकळ, तिच्या तोंडावर अंगठा दाबला की औषध आत थांबते आणि अंगठा काढला की मुलाच्या घशात उतरते. युक्ती म्हणून तो खरोखर नामी. शीर कापून रक्त काढायच्या वाट्या असत, आत मापाच्या गोल रेघा ओढलेल्या. आपल्याकडच्या रक्तमोक्षणासारखाच प्रकार. वैद्यकाच्या इतिहासाची आवड असणारे संग्राहक या वस्तूंसाठी भरपूर पैसे मोजतात. जरूर मोजावेत. फक्त हौसेपोटी त्या चमच्याने नातवाला औषध पाजू नये.

हीच गोष्ट पॉरिंजरची. ही बाजूला जाळीदार कान असलेली चपटी वाटी, न्यू इंग्लंडमध्ये फार होत असे. बारशाला किंवा पहिल्या वाढदिवसाला वाटी देण्याची रीत तिकडेही आहे. नवी वाटी दिली तर हरकत नाही. दोनशे वर्षांपूर्वीची "अँटिक" वाटी देऊन तीत बाळाला सफरचंदाचा गर भरवणे म्हणजे काय, हे वरच्या मजकुरावरून कळेलच. गुरुजींच्या मुलाकडे अशी एक वाटी होती आणि नात सव्वा वर्षाची होती. त्याच रात्री गुरुजींनी फोन लावला.

संग्राहकाने काय पाहावे

मग ही भांडी जमवूच नयेत का? तसे मी मुळीच म्हणणार नाही. शिसे कातडीतून शिरत नाही. भांडे हातात घेऊन पाहिल्याने काही होत नाही. हात मात्र धुवावेत. धोका आहे तो तीन वाटांनी : आंबट पदार्थ त्यात ठेवून खाणेपिणे, धूळ, आणि मुलांच्या तोंडात जाणे.

पहिली वाट आपण पाहिली. वाइन, व्हिनेगर, लिंबू, कोकम, चिंचेचा सार, ताक, टोमॅटो हे सगळे शिसे सोडवतात. जितका जास्त वेळ आणि जितके गरम, तितके जास्त. पूर्वीच्या काळच्या ताटांवर सुरीचे शेकडो चरे दिसतात. संग्राहकाला ते खरेपणाची खूण म्हणून आवडतात. त्या चऱ्यांतला धातू कुणाच्या तरी पोटात गेला, एवढे विसरू नये. ताट वापरायचेच असेल तर त्यावर काचेची बशी ठेवून वाढावे. आणि भांडे शेगडीवर कधीही ठेवू नये. कथील २३२ अंशांना वितळते, शिसे मिसळले की त्याहूनही लवकर. गॅसवर ठेवलेल्या चहाच्या किटलीचे काही मिनिटांत थारोळे होते.

दुसरी वाट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या भांड्यावरचा काळा थर काढून ते चकचकीत करण्यासाठी काही जण विजेच्या चाकावर घासतात, काही आम्लात किंवा कॉस्टिक सोड्यात बुडवतात. चाकावर घासल्याने शिशाची बारीक धूळ उडते आणि थेट फुफ्फुसात जाते. आम्ल व सोडा हात-डोळे भाजतात. घासून वस्तूची किंमतही उतरते, कारण जाणकाराला तो थरच हवा असतो. पूर्वी तिकडे हे प्यूटर अश्वपुच्छ जातीच्या एका खरखरीत वनस्पतीने घासत. आता सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. ज्या भांड्यावर पांढरी भुकटी धरली आहे ते झटकू नये, ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके टाकून द्यावे. ती भुकटी बहुधा शिशाचीच असते. ओक लाकडाच्या बंद कपाटातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने ती लवकर धरते, म्हणून संग्रहालये अशा वस्तू ओकच्या कपाटात ठेवत नाहीत.

भांड्यात शिसे किती, हे घरी नक्की कळत नाही. कागदावरची रेघ ही सूचना समजावी. रेघ उमटली नाही म्हणून भांडे निर्दोष ठरत नाही. बाजारात मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या काड्या कथलावर कधी कधी चकवतात. खात्रीचा उपाय म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारे उपकरण. भांड्याला ओरखडाही न काढता ते कथील किती, शिसे किती, ते सांगते. डेलावेअरमधल्या विंटरथर संग्रहालयाने आपल्याकडच्या प्यूटरची अशी तपासणी फार पूर्वीपासून केली आहे. सोन्याची शुद्धता पाहायला अनेक सराफांकडे याच तत्त्वावरचे यंत्र असते. ठशावर किंवा मुकुट असलेल्या "एक्स" या खुणेवर मात्र विसंबू नये. ती खूण मुळात उत्तम धातूसाठी होती, पुढे ज्याला वाटेल तो मारू लागला. शिवाय संग्राहक वाढले तशी विसाव्या शतकात नकली जुनी भांडीही निघाली, आम्लात बुडवून म्हातारी केलेली.

त्यातल्या त्यात बरी म्हणजे ब्रिटानिया धातूची भांडी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या शेफील्ड गावात ही धातू निघाली. कथील ९० टक्क्यांच्या वर, बाकी अँटिमनी आणि तांबे, शिसे नाही. जेम्स व्हिकर्स, पुढे जेम्स डिक्सन यांची तिथली कामे प्रसिद्ध. अमेरिकेत टॉन्टन गावी आयझॅक बॅबिटने १८२४ च्या सुमारास हे काम सुरू केले. पण किटलीची तोटी आणि कान जोडताना, किंवा नंतरच्या डागडुजीत, वापरलेल्या झाळात शिसे असू शकते. तेव्हा तिथेही चहा नकोच. क्वालालंपूरहून हल्ली प्रवासी जे नवे प्यूटर आणतात ते मात्र कथील, तांबे आणि अँटिमनीचे, शिसेविरहित असते. नामांकित कारखान्याचे असेल तर त्यातून खुशाल प्यावे. नुसते कथील पोटात फारसे शोषले जात नाही. तमिळ घरांत रसम कथलाच्या भांड्यात करण्याची रीत आहे ती याच भरवशावर. अट एकच, कथील खरे हवे.

आपल्या घरची कल्हई

ही अट आपल्यालाही लागू आहे. पितळेच्या बिनकल्हईच्या पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आजीला कुणी शिकवावे लागले नव्हते. कल्हईवाला आला की भट्टी, भाता, नवसागराचा धूर, कापसाच्या बोळ्याचा एक फेरा आणि भांडे चांदीसारखे लख्ख. हा सोहळा आता दुर्मीळ झाला आहे. पण पितळ-तांब्याची हौस पुन्हा वाढल्याने बऱ्याच घरांतून जुनी भांडी माळ्यावरून खाली येत आहेत. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत अन्न ठेवू नये, हे २०११ च्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही आहे. कल्हई मात्र शुद्ध कथलाची हवी. लंडनच्या कारागिराला जो मोह होता तोच इथेही आहे : कथील महाग, शिसे स्वस्त. झाळकामाची शिसेमिश्रित कांडी कल्हईला वापरली तरी भांडे तितकेच चकचकते. म्हणून ओळखीच्या माणसाकडूनच कल्हई करून घ्यावी, आणि जमल्यास कथील आपण आणून द्यावे.

एखाद्याने जुन्या प्यूटरमधून बरेच दिवस खाल्ले-प्याले असेल तर घाबरू नये. शिरेतून रक्त घेऊन शिशाची तपासणी होते. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळा ती करतात आणि तालुक्याहून नमुना पाठवता येतो. मुलांच्या बाबतीत अमेरिकेतील सरकारी आरोग्य खात्याने २०२१ पासून दर शंभर मिलिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम ही सावध होण्याची रेषा धरली आहे. बहुतेकांना दुसरे काही करावे लागत नाही. भांडे बंद केले की आकडा आपोआप उतरू लागतो. रक्त कमी असेल तर लोह, आणि आहारात नाचणी, दूध, तीळ, पालेभाज्या असाव्यात, कारण लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात शिसे जास्त शोषले जाते. शिसे बाहेर काढण्याची औषधे असतात, पण ती आकडा फार वर गेल्यावर, रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. "शरीरातले विष काढून टाकतो" अशा जाहिरातींच्या नादी लागू नये.

गुरुजींचे रक्त आम्ही पाठवले. शिसे वाढलेले होते, पण औषध लागण्याइतके नव्हते. तीन महिन्यांनी पुन्हा पाठवले तेव्हा ते निम्म्याहून खाली आले होते. पोटाची तक्रारही कमी झाली. ती पेल्यामुळे होती की उन्हाळ्यात पाणी कमी पडल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. नातीचे रक्त तिकडच्या डॉक्टरांनी तपासले, ते रेषेच्या आत निघाले. पॉरिंजर आता त्यांच्या दिवाणखान्यात उंच खिळ्यावर टांगलेली आहे. पेला गुरुजींच्या काचेच्या कपाटात आहे, सेवानिवृत्तीच्या मानपत्राशेजारी. सरबत स्टीलच्या फुलपात्रात चालू आहे, आणि ते तितकेसे गार राहत नाही अशी त्यांची तक्रारही चालू आहे. त्यावर मी त्यांना माठ सुचवला आहे.